बाभळीकडे तोंड केलेला मंडप

माझ्या थोरल्या जाऊबाई सरपंच झाल्या, तेव्हा गाव नेहमीप्रमाणे धरून चाललं होतं की सही बाईची आणि कारभार दुसऱ्या कुणाचा. जागा महिलांसाठी राखीव होती. पण आमच्या घरी तसा कारभार करायला पुरुषमाणूस मोकळा नव्हताच. थोरले दीर शेतात ट्रॅक्टर उलटल्यापासून कमरेखाली अधू झाले होते आणि माझा नवरा नोकरीमुळे माझ्यासोबत बुलढाण्याला. त्यामुळे जाऊबाई सहीही स्वतः करायच्या आणि सहीआधी कागद पूर्ण वाचायच्या. ग्रामसेवक समोर उभा असला तरी सावकाश, ओळीवर बोट ठेवून.

गाव आमचं उंद्रीपासून जवळच, चिखली तालुक्यातलं. मी घरांचे नकाशे काढते. गावात मला 'इंजिनेर सून' म्हणतात आणि आर्किटेक्ट वेगळी असते हे समजावून सांगणं मी केव्हाच सोडून दिलं आहे. बुलढाण्यात माझं काम म्हणजे बंगल्यांचे जिने, दुकानांची शटर, समोरच्याच्या गॅलरीपेक्षा आपली गॅलरी एक वीत पुढे कशी येईल ते. काम वाईट नाही. पण एकदा घर बांधून दिलं की त्या घराकडे पुन्हा जावंसं मला क्वचितच वाटलं आहे.

आषाढातल्या एका सकाळी जाऊबाईंचा फोन आला.

"तू लोकाइचे बंगले काढते. आपल्या गावाचा एक मंडप काढून दे ना."

"ताई, सभामंडपाचा नकाशा तर पंचायतीत तयारच असतो," मी म्हटलं.

"हाव, हाय ना. म्या पाह्यला तो. तसा नाही पाहिजे. तू ये इकडे."

तो तयार नकाशा मलाही पाठ होता. चार बाजूंनी सिमेंटचे खांब, वर पत्रा, खाली गुळगुळीत फरशी आणि समोर मोठी पाटी. जिल्ह्यात कुठेही जा, तोच मंडप. उन्हाळ्यात आत बसवत नाही, पावसात आत बोललेलं ऐकू येत नाही, आणि लग्नाचे दिवस सोडले तर तिथे कुत्री झोपतात.

मी रविवारी गेले. जाऊबाई मला घरी न नेता थेट नाल्याकडे घेऊन गेल्या. गावाच्या पूर्वेला, रस्ता संपतो तिथे पंचायतीची पडीक जागा आहे. मध्ये जुनी दगडी विहीर, आता कुणी पाणी भरत नाही अशी. विहिरीच्या पलीकडे नाल्याच्या काठाने बाभळी, आणि त्यांच्या फांद्या विहिरीवर झुकलेल्या. अलीकडे प्लास्टिक, फुटकी मडकी, गवत.

जाऊबाईंनी एक दगड पदराने झटकला. "इथं बस. बोलू नको जराशीक. पाहाय."

मी पाहिलं. फांद्यांच्या टोकांना सुगरणींची घरटी लोंबत होती. काही पूर्ण झालेली, लांब नळीची. काही नुसती उलट्या टोपलीसारखी. पिवळ्या डोक्याचे नर गवताच्या हिरव्या पट्ट्या चोचीत धरून येत, घरट्याला उलटे लटकत, ती पट्टी आत ओवत, बाहेर काढत, पुन्हा ओवत. सगळ्या बाभळीत चिवचिवाट चालला होता. खाली विहिरीच्या पाण्यात घरट्यांची प्रतिबिंबं हलत होती.

बऱ्याच वेळाने जाऊबाई बोलल्या. माझ्याकडे न पाहता, समोर पाहतच.

"याइचं ते ट्रॅक्टरचं झालं ना, तवा म्या इथं येवो. शेळ्याइले पाला तोडाच्या निमित्तानं. घरात समदे म्हणत, बाई मोठी खंबीर हाय, डोळ्यातून पाणी काढत नाही. म्या इथं येवो अन् रडो. अन् मंग या पाखराइकडं पाहत बसो. एखांदं घर वाऱ्यानं पडलं का तो नर दुसरं बांधाले घे. त्याच घडीले."

त्या थांबल्या. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, दिरांच्या अपघातानंतर मी कितीदा तरी घरी येऊन गेले होते, आणि ह्या बाईला रडायला नाल्याकाठी यावं लागतं हे मला माहीत नव्हतं.

"बायाइले बसाले जागा नाही गावात," त्या पुढे म्हणाल्या. "पारावर माणसं बसतात. देवळात गेलं तं देवाकडं पाहा लागते, घरात बसलं तं भिंतीकडं. मले असा मंडप पाहिजे का बसलं तं समोर काईतरी जित्तं दिसलं पाहिजे. अन् रस्त्याकडं पाठ पाहिजे. रस्त्यावरून जाणाऱ्याले बाई दिसली नाही पाहिजे, पण बाईले आभाळ दिसलं पाहिजे."

आजवर कुठल्या गिऱ्हाईकाने मला इतकं नेमकं सांगितलेलं नाही. लोक खोल्या सांगतात, रंग सांगतात. बसल्यावर काय दिसायला हवं, हे कुणी सांगत नाही.

बुलढाण्याला परतल्यावर मी बाकीची कामं बाजूला सारली. रस्त्याकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला काळ्या दगडाची भिंत घेतली, बसणाऱ्याच्या डोक्यापर्यंत येईल एवढीच. वळवाचा आणि पावसाचा मारा त्याच अंगाने येतो, म्हणून ती जराशी दक्षिणेकडे वळवली. भिंतीला लागून आतून दगडी ओटा. पूर्वेकडे, विहिरीच्या बाजूला काहीच नाही, सगळं उघडं. छप्पर कौलांचं, आत येताना उंच आणि विहिरीकडे उतरत जाणारं. शेवटची कड मुद्दाम खाली आणली. उभं राहिलं की कौलांची कड डोळ्यांसमोर येते, पलीकडचं दिसत नाही. बसलं की विहीर, बाभळी, नाला आणि त्यापलीकडची वावरं, सगळं उघडतं. माणसाने तिथे बसावं, नुसतं डोकावून जाऊ नये, एवढाच माझा हेतू.

पायऱ्यांच्या शेजारी मी एक रुंद उतार काढला होता. नकाशा घेऊन मी गावी गेले, तेव्हा जाऊबाईंनी त्या उतारावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"चाकाची खुर्ची जायला."

त्यांनी बोट उचललं नाही. "काढून टाक. लोक म्हणतीन, सरपंचबाईनं घरच्यासाठी केलं."

"ताई, राहू दे."

"पाहू ग्रामसभेत," त्या म्हणाल्या आणि नकाशाची गुंडाळी केली.

ग्रामसभा पंधरा ऑगस्टची. शाळेत झेंडावंदन झालं आणि जाऊबाईंनी जाहीर केलं की सभा पंचायतीत नाही, विहिरीवर होईल. लोक चकित झाले, पण गेले. सतरंज्या टाकल्या होत्या. आदल्या दिवशी जाऊबाईंनी आणि अंगणवाडीच्या बाईंनी बरोबर चार बाया घेऊन तिथला कचरा, काटे काढून जागा झाडून ठेवली होती. ह्या अंगणवाडीच्या बाई बौद्धवस्तीतल्या, जाऊबाईंची जुनी मैत्रीण. गावात कुणाचं बाळ किती वजनाचं हे त्यांना विचारावं, आणि कुणी कुणाशी बोलत नाही हेही त्यांनाच.

पहिले उठले ते आमचे चुलत सासरे. ते आधी सरपंच होते आणि अजूनही त्यांचा शब्द चालतो.

"सूनबाई, बाभूळ म्हंजे काटा. काट्यात कोणी मांडव घालते काय? तोडा बाभळी, बुजवा इहिर, अन् चांगला स्लॅबचा हॉल बांधा. पोरीबाळीचे लग्न होतीन त्याच्यात."

बऱ्याच माना डोलल्या. त्यात बायकांच्याही होत्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडावर लग्न काढलं की मांडव उडतो, वऱ्हाडाची जेवणं भिजतात. मी मनात म्हटलं, झालं, हा नकाशा आता घरी घेऊन जायचा.

जाऊबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "मामाजी, हॉलचं बोलू आपण. तुमचं बरोबरच हाय. पण त्याच्या आदी समद्याइनं जरासं तिकडं पाहा. काय करून राह्यले ते पाखरं, एवढंच पाहा. मंग तुम्ही म्हणसान तसं."

कुणी हसलं. कुणी मोबाइल काढला. पण सरपंचच गप्प बसून बाभळीकडे पाहू लागल्यावर इतरांना तरी काय करता येणार. हळूहळू कुजबुज थांबली. श्रावणातलं ऊन मधूनच पडत होतं, मधूनच जात होतं. एक मादी, फिकट रंगाची, एका अर्ध्या घरट्यावर येऊन बसली. नर शेजारी पंख फडफडवत होता. तिने आत मान घातली, एक काडी ओढून पाहिली, उडून दुसऱ्या घरट्यावर गेली.

"नापास केलं त्याले," अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या. "घर नर बांधते. आर्धं बांधून ठेवते. मंग मादी येऊन पाहते. तिले पटलं तं पुढचं बांधते, नाही तं राह्यलं तसंच."

"मंग नाव काऊन सुगरणीचं?" मागून एका म्हातारीने विचारलं.

"तेच तं! राबते नर, अन् नाव सुगरणीचं. आपल्या घरी उलटं हाय."

बायका अशा हसल्या की पाखरं क्षणभर गप्प झाली. पुरुषही हसले. चुलत सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला, पण त्यांचे डोळे त्या नापास झालेल्या नरावरच होते. तो पुन्हा गवत आणायला गेला होता.

त्यानंतर जे बोलणं झालं ते भांडण नव्हतं. मी नकाशा उलगडून दाखवला. एकाने विचारलं, कौलं कशाला, पत्रा काय वाईट? त्याला उत्तर मी द्यायच्या आधीच गावातल्या सुतारचाचांनी दिलं. ह्या गावातल्या निम्म्या घरांची दारं त्यांच्या हातची आहेत.

"पत्रा मत डालो, भाई. पाऊस आला का पत्र्याखाली बाजूच्या माणसाचं बी ऐकू येत नाही. पाखराचं कुठून ऐकू येईन? माझ्या जुन्या दुकानाचे सागाचे वासे पडून आहेत. ते घ्या. कारखान्यात मी लोखंडी दारं करून राह्यलो आता, सागाले कोणी विचारत नाही."

लग्नाचा प्रश्न जाऊबाईंनी सोडवला. भिंतीच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला मोकळी फरशी घालायची, मांडवाचे खांब उभे करायला जागोजाग कडीच्या दगडांसह. लग्न तिकडे, बसणं इकडे. चुलत सासरे नकाशावर बराच वेळ वाकून होते. मग त्यांनी त्या उतारावर बोट ठेवलं. जाऊबाईंचा चेहरा ताठ झाला.

"हा उतार चांगला केला," ते म्हणाले. "गुडघे गेले माहे. पायऱ्या चढणं होत नाही."

मान खाली घालून जाऊबाईंनी हजेरीच्या वहीवर सही केली. हात वर झाले, सगळे नाही, पण पुरेसे.

खरी कसोटी पुढे भाद्रपदात आली. मंजुरी मिळाली होती आणि ठेकेदार जेसीबी घेऊन हजर झाला. तालुक्याहून निरोप होता की काम लगेच सुरू झालं नाही तर मंजुरी परत जाईल. घरट्यांत पिल्लं होती. यंत्राने नाल्याचा काठ हलवला असता तर त्या फांद्यांवर काही उरलं नसतं.

मी बुलढाण्याहून पोचले तेव्हा मला वाटलं होतं, तिथे आरडाओरडा चालला असेल. जाऊबाईंनी ठेकेदाराला खुर्ची दिली होती, चहा दिला होता.

"काम सुरू झालं पाहिजे ना?" त्या त्याला विचारत होत्या.

"हो बाई. फोटो पाठवा लागतो."

"मंग करू ना सुरू. रस्त्याकडची फरशी खोदा. हातानं. मजूर मी देते गावातले. तुमचं यंत्र तिकडं डांबरी रस्त्यावर उभं ऱ्हाऊ द्या. पिल्लं उडाले का मंग इकडं या."

"अन् कधी उडतीन?"

"ते त्याइले विचारा लागीन," जाऊबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत.

ठेकेदार माझ्याकडे पाहू लागला. मी म्हटलं, नकाशात तसंच आहे, आधी फरशी. नकाशात तसं काहीच नव्हतं.

त्या दिवसापासून आमचे चुलत सासरे रोज नाल्यावर जाऊ लागले. कुणी फांदीला दगड मारू नये, कुणी गुरं बांधू नये म्हणून काठी घेऊन बसायचे. मला ते नंतर कळलं, आणि कळल्यावर खरं वाटेना.

दसरा उलटला, घरटी रिकामी झाली, तेव्हा दगडी भिंतीचा पाया खोदला. खांबाचा एक खड्डा बाभळीच्या मुळाशी आला. मी खांब हातभर बाजूला सरकवला. त्यामुळे छपराची एक बाजू जराशी तिरकी आली आहे. येणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरच्या डोळ्याला ती खुपते. विहिरीला कठडा आणि वर जाळी बसवली. चाचांनी वासे तासले, आणि त्यांना तासताना पाहणं हा एक आनंद होता. प्रत्येक वाशाला आधी हाताने थोपटायचे, जुना बैल थोपटावा तसं.

थंडीत मंडप पुरा झाला. उद्घाटनाला जाऊबाईंनी कुणाला बोलावलं नाही. एका दुपारी त्यांनी दिरांना चाकाच्या खुर्चीवर बसवलं आणि गावातून ढकलत आणलं. अपघातानंतर दवाखाना सोडला तर ते घराबाहेर पडले नव्हते. लोकांनी आपल्याला असं पाहू नये, असा त्यांचा हट्ट होता. मी मागून चालत होते. उतारावर जाऊबाई थकल्या तेव्हा मी हात लावायला पुढे झाले, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माह्यं हाय हे काम."

दीर ओट्याशेजारी बसले. पाखरं नव्हती, घरटी वाळून पिवळी पडली होती. नाल्यापलीकडे कुणाचा तरी हरभरा फुलावर होता. ते बराच वेळ पाहत राहिले.

"वावर कोणाचं ते?" त्यांनी शेवटी विचारलं. "हरभरा दाट पेरला त्यानं. मर रोग लागीन त्याले."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. अपघातानंतर शेतीबद्दल ते पहिल्यांदाच बोलले होते.

त्यानंतर बाया येऊ लागल्या. आधी दोघी-तिघी, तुरीची डाळ निवडायचं निमित्त घेऊन. मग निमित्ताशिवाय. मोमिनपुऱ्यातल्या सासू-सुना, बौद्धवस्तीतल्या, आमच्या आळीतल्या. भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसलेली बाई मी आमच्या गावात घराबाहेर त्याआधी पाहिली नव्हती. पुरुष कुरकुरले की आम्ही केव्हा बसायचं, तर जाऊबाईंनी सकाळ पुरुषांची आणि दुपार बायांची असं सांगून टाकलं. ते अजून चालू आहे.

पुढच्या पावसाळ्यात मात्र माझा जीव टांगणीला लागला. ज्येष्ठ गेला, बाभळीवर काहीच नाही. आषाढात थोडे नर आले, थोडी घरटी झाली, त्यातली बरीच अर्धवट सोडलेली. मी जाऊबाईंना फोन केला. म्हटलं, ताई, आपण त्यांची जागा मोडली का?

"मोडली असंल," त्या म्हणाल्या. त्यांना गोड बोलून समजूत घालायची सवय नाही. "नाही तं गवत कमी असंल यंदा. आपल्याले काय ठावं? आपण त्याइच्या घरी जाऊन बसलो, त्याइले सवय व्हाले येळ लागीन. तू चिंता नको करू, काठाले मी गवत राखून राह्यली."

खरोखरच त्यांनी नाल्याच्या काठावर चराई बंद केली होती. शेळीवाल्यांशी भांडून नव्हे, त्यांना पंचायतीच्या दुसऱ्या तुकड्यातलं गवत देऊन. त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात मी गेले तेव्हा बाभळींवर गवताची हिरवी नवी घरटी होती, मला मोजता येणार नाहीत इतकी, आणि मंडपात बायांचा आवाज आणि पाखरांचा आवाज एकमेकांत मिसळलेला. चुलत सासरे भिंतीच्या बाहेर, बायांची वेळ म्हणून, फरशीवर खुर्ची टाकून बसले होते आणि आत काय चाललंय ते ऐकत होते.

जाऊबाईंची मुदत आता संपली. पण त्यांना बोलावणी येतात. मागच्या महिन्यात जळगाव जामोदकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून तिथल्या सरपंचबाई आल्या होत्या. त्यांना आमचाच नकाशा हवा होता, तस्साच मंडप. मी गुंडाळी काढून देणारच होते.

"तो नकाशा आमच्या बाभळीचा हाय, बाई," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्याकडं काय हाय ते पाहा लागीन."

म्हणून आम्ही दोघी एसटीने गेलो. जळगाव जामोदला उतरलो, तिथून त्यांच्या गाडीने. समोर डोंगर, पायथ्याशी सुकलेला ओढा, काठाने मोहाची आणि पळसाची झाडं. सरपंचबाई आम्हाला मोकळी जागा दाखवत होत्या, इथे खांब येतील, इथे पाटी. मी टेप काढला. जाऊबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या ओढ्यात उतरल्या, चपला हातात घेतल्या, आणि मोह वेचायला आलेल्या बायांजवळ जाऊन खाली बसल्या. त्यांनी कुणाची तरी टोपली आपल्याकडे ओढली आणि वेचता वेचता विचारलं, "दुपारी ऊन तापलं का तुम्ही कुठी बसता, वो?"

बाया एकमेकींकडे पाहून हसल्या आणि एकीने ओढ्याच्या वळणाकडे हात केला. जाऊबाई उठून तिकडे चालू लागल्या. मी टेप गुंडाळला आणि त्यांच्या मागे निघाले.